आधी काय जातं

१

आमच्या कंपनीची बस सकाळी रामवाडीच्या नाक्यावर येते तेव्हा निम्मे लोक झोपेत चढतात आणि रोह्याला झोपेतच उतरतात. मी मात्र जागा असतो. खिडकीला डोकं टेकून घरातल्या कामांची उजळणी करायची ही माझी जुनी खोड. आईचं औषध, मोरूला सांगायचा रंग, गॅसचा नंबर, बायकोने, अनिताने, काल सांगितलेलं आणि मी विसरलेलं काहीतरी. रोहा येईपर्यंत डोकं इतकं भरतं, की पॅनेलसमोर जाऊन बसणं हीच विश्रांती वाटते.

मी पॅनेल ऑपरेटर आहे. म्हणजे कंट्रोल रूममध्ये एसीत बसून पडद्यावरचे आकडे बघायचे, दिवा लागला की बटण दाबायचं आणि बाहेर उन्हात उभ्या असलेल्या माणसाला वॉकीटॉकीवर शहाणपण शिकवायचं. घरी दुसरं काम. पेणमध्ये घरामागे शेड असली की त्यात गणपती असायचेच, तसे आमच्याही आहेत. वडील गेल्यापासून माती, साचे, रंग सगळं मोरू बघतो. तो वडिलांच्या वेळचा कारागीर. मी फक्त आखणी करतो, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवतो. सगळी मूर्ती रंगवून झाली की शेवटी एक माणूस बारीक कुंचला घेऊन, श्वास रोखून तिच्यासमोर बसतो. बुबुळ, बाहुली, पापणीची कड. आखणी जमली तर कुठूनही बघा, गणपती तुमच्याकडे बघतो. नाही जमली तर कितीही सोनेरी लावा, उपयोग नाही. माझा हात चांगला आहे. हे मूर्तींसाठीच नावाजलेल्या हमरापूरचे लोकही मान्य करतात, आणि ते दुसऱ्याच्या मूर्तीला सहसा चांगलं म्हणत नाहीत.

शेडच्या कोपऱ्यात आईची खाट आहे. गेल्या शिमग्याच्या सुमारास तिची उजवी बाजू लकव्याने गेली. आतल्या खोलीत तिला करमेना. मूर्तींना पॉलिश पेपर मारण्यात जिचा जन्म गेला तिला भिंतींकडे बघत पडून राहायला सांगणार कोण? म्हणून खाट शेडमध्ये आणली. तिथून ती हाका मारते. "परवीन, मना पानी दे." "परवीन, खिरकी लाव रं." "परवीन, आलास काय?" मी डोळ्यांसमोर बसलेला असताना, आलास काय. ती खाडीकडच्या मिठागरवाल्यांची मुलगी, माझं प्रवीण हे नाव तिने कधी सरळ घेतलं नाही. लहानपणी ते कानाला गोड लागायचं. आता बाहुलीवर कुंचला टेकवलेला असताना तीच हाक आली की हात हलायचा, आणि त्या क्षणी मनात जे यायचं ते कुणाला सांगण्यासारखं नसायचं.

२

शहाण्णवच्या उन्हाळ्यात कंपनीत मुंबईहून भूमिका मॅडम आल्या. वयाने माझ्याहून लहान, पण इंजिनिअर. त्यांच्याबरोबर एक नवीन पॅनेल आलं, ट्रायलसाठी. पडद्याखाली एक बारीकसा कॅमेरा आणि त्याच्या दोन बाजूंना दोन मिणमिणते लाल ठिपके.

"हे तुमच्या डोळ्यांकडे बघणार," मॅडम म्हणाल्या. "डोक्यावर ताण आला की डोळ्यातली बाहुली मोठी होते. माणूस तोंडाने काहीही सांगेल, बाहुली खोटं बोलत नाही."

बाहुली खोटं बोलत नाही हे मला, पेणच्या माणसाला, सांगायला कुणाला तरी मुंबईहून यावं लागलं, याची गंमत वाटली.

"मॅडम, आमच्या डोक्यात मुळात काही असेल तरच ताण येईल ना?" हैबतराव म्हणाले. हे आमचे शिफ्ट इनचार्ज. सगळे हसले, मीही हसलो.

पडद्याच्या कडेला एक उभी पट्टी होती. मन मोकळं असलं की हिरवी, ताण वाढला की वर चढत लाल. पट्टी चढली की पडद्यावरचे बारीकसारीक आकडे आणि दिवे फिके होत होत नाहीसे व्हायचे. कामाचं तेवढं उरायचं. ताण उतरला की सगळे परत हजर. जूनमध्ये एकदा बॉयलरचं प्रेशर पडलं आणि नेहमीसारखी दिव्यांची दिवाळी झाली. पण माझ्या पडद्यावर उरले मोजकेच. मी शांतपणे एकेक बघत गेलो, आणि प्लांट सावरला. हैबतरावांनी पाठ थोपटली. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

चहा पिताना मी मॅडमना विचारलं, "काय ठेवायचं आणि काय घालवायचं, हे याला सांगतं कोण?"

"धोक्याचे दिवे आम्ही बांधून ठेवलेत, ते जात नाहीत. बाकीचं तुम्हीच सांगता."

"मी कधी सांगितलं?"

"तुम्ही कशाकडे बघायचं टाळता, कुठे तुमची नजर नाइलाजाने जाते, ते त्याला कळतं. त्यावरून ते शिकतं. तुम्हाला जे नकोसं असतं ते आधी जातं."

चांगलं आहे, मी म्हणालो, आणि दुसरा चहा घेतला.

३

आषाढात आमच्याकडे दम खायला फुरसत नसते. पहिली शिफ्ट संपवून मी दुपारी घरी यायचो, दोन घास पोटात ढकलायचो आणि शेडमध्ये बसायचो. मोरूचा स्प्रेचा कॉम्प्रेसर दिवसभर खडखडत असतो, त्याचा रेडिओ त्याहून मोठ्याने. एकदा मी एका मोठ्या मूर्तीचे दोन्ही डोळे एका बैठकीत संपवले आणि लक्षात आलं, की मधल्या सगळ्या वेळात मला काही ऐकू आलं नव्हतं. कॉम्प्रेसर चालू होता, रेडिओही. ते आता ऐकू येत होते. मधे मात्र शांतता होती.

एकाग्रता म्हणतात ती हीच, असं मी स्वतःला सांगितलं. वडिलांना साधली होती, आपल्याला आता साधली.

मग अनिता आतून आली. हाताला पीठ होतं. "अहो, कान आहेत की नाहीत? आई किती वेळ हाका मारतायत."

"कधी?"

"आता. आताही मारतायत."

मी खाटेकडे बघितलं. आई माझ्याकडे बघत होती. तिचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. कॉम्प्रेसरचा आवाज मला नीट येत होता. मोरूच्या रेडिओवर बाजारभाव चालले होते, तेही येत होते. आईचा आवाज नव्हता.

मी पाणी नेऊन दिलं. ती प्यायली, आणि काहीतरी बोलली. मी मान डोलावली.

डॉक्टरकडे गेलो. त्यांनी दोन्ही कानांत बघितलं, घड्याळ कानाशी धरलं, मागे उभं राहून कुजबुजले. कान अगदी साफ, म्हणाले, झोप घेत जा. मी परत येताना रस्त्यात कोपऱ्यावर थांबलो. मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. आता आखणी करताना हात हलणार नव्हता. घरी आईच्या समोरून जाताना माझी मान वर होईना, इतकी मला त्या बरं वाटण्याची लाज वाटली.

४

श्रावणात मूर्ती फळ्यांवर चढल्या. शेडच्या तिन्ही भिंतींना खालपासून वरपर्यंत गणपती. मोरू कमरेवर हात ठेवून मधोमध उभा राहिला. एकदा इकडे वळला, एकदा तिकडे. मग बिडी विझवली.

"परविन, ह्ये काय केलंस?"

"काय झालं?"

"आरं, माझ्याकडं कोनच बघत नाय."

मी कुंचला ठेवून उठलो. तो म्हणाला ते खरं होतं. समोर उभं राहिलं तरी गणपती आपल्याकडे बघत नव्हते. डाव्या भिंतीवरचे उजवीकडे बघत होते, उजवीकडचे डावीकडे, समोरचे जरा खाली. प्रत्येक मूर्ती मी वेगळ्या दिवशी, वेगळ्या जागी ठेवून आखली होती. फळीवर कुठली कुठे जाईल हे मलाही माहीत नव्हतं. तरी सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी जात होती.

मी त्या नजरेमागोमाग कोपऱ्यात बघितलं. खाट होती. चादर नीट अंथरलेली. उशी.

"हे सगळे रिकाम्या खाटेकडे बघतायत," मी म्हणालो. "आईला कुठे नेलंय? आत?"

मोरू हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू गेलं. त्याने अनिताला हाक मारली.

अनिता दारात आली. "काय झालं?"

"आईला आत कधी नेलंस?"

"मी कशाला नेऊ?" ती म्हणाली. "असं काय करताय? ह्या काय, समोर तर पडल्यात."

थट्टा असेल. बायकोने आणि कारागिराने मिळून केलेली, थोडी वाईट, पण थट्टा. मी रागारागाने खाटेजवळ गेलो आणि दाखवून द्यायला हात पुढे करून उशी दाबली. उशी दबली. कापूस, वरचा अभ्रा, दुपारच्या उन्हाने आलेली ऊब. दुसरं काही नव्हतं. मी आणखी जोरात दाबली.

"अहो," अनिताचा आवाज एकदम बारीक झाला. "त्यांच्या तोंडावरचा हात काढा."

५

दुसऱ्या दिवशी मी भूमिका मॅडमना गाठलं. त्या कंट्रोल रूमच्या मागच्या खोलीत खोकी बांधत होत्या.

"मला त्या पॅनेलवरून काढा," मी म्हणालो. "मला त्याचा त्रास होतोय."

"कुठल्या पॅनेलचा?"

"तुमच्या. कॅमेऱ्याच्या."

त्यांनी हातातली दोरी खाली ठेवली. "प्रवीण, ट्रायल कधीच संपली. आषाढ लागला तेव्हाच मी वायर काढली. कॅमेरा हा काय, खोक्यात आहे."

त्यांनी तो मला दाखवला. एवढासा, वायर गुंडाळलेली.

मी म्हणालो, "पण पट्टी तर रोज दिसते."

त्या माझ्याबरोबर पॅनेलपर्यंत आल्या. हैबतरावही उठून आले. पडद्याच्या कडेला पट्टी होती. वरपर्यंत लाल.

"कुठे आहे?" मॅडमनी विचारलं. त्या बरोबर तिथेच बघत होत्या.

हैबतरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हा माणूस कधी हळू बोलत नाही, पण तेव्हा बोलला. "घरी काही आहे का रे? आई बरी आहे ना?"

मी बरी आहे म्हणालो. दुसरं काय म्हणणार? आई आजारी आहे असं चारचौघांत सांगता येतं. आई दिसत नाही असं कसं सांगायचं? लोक म्हणतील, म्हातारी नकोशी झाली म्हणून पोराने ढोंग लावलंय. ढोंग नव्हतं. पण 'नकोशी झाली' हे लोक चुकीचं बोलले नसते. मी खाली मान घालून खुर्चीत बसलो आणि शिफ्ट संपेपर्यंत पडद्याच्या त्या कडेकडे बघितलं नाही.

६

डोकं अजून चालत होतं, त्याने हिशोब मांडला. ताण उतरला की गेलेलं परत येतं, हे मी पडद्यावर रोज बघितलं होतं. म्हणजे मन मोकळं करायचं. सोपं आहे.

मी रजा टाकली. शेडमध्ये खाटेसमोर स्टूल घेऊन बसलो. डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतले, आता दिसेल म्हणून उघडले. चादर. पुन्हा मिटले. आत अनिता भांडी आपटत होती. कधीतरी ती येऊन खाटेशी वाकायची, हवेत कुणाचे तरी केस सारखे करायची, कूस बदलून द्यायची. मी जिवाच्या आकांताने बघायचो. चादरीला सुरकुतीसुद्धा पडायची नाही.

मग एका संध्याकाळी मोरू त्याच्या मेव्हण्याची गोष्ट सांगत होता. मेव्हणा खांब गावाला पोरगी बघायला गेला, पत्ता चुकला, भलत्याच घरी जाऊन पोहे खाऊन आला, पसंती कळवतो म्हणाला, आणि त्या घरात लग्नाची मुलगीच नव्हती. मोरू सांगतोही असा, की मला हसू आवरेना. पोट धरून हसताना मी सहज वळलो.

आई हसत होती. खाटेवर भिंतीला टेकून, अर्ध्या तोंडाने. उजवा गाल तसाच, डावा वर चढलेला. गळ्याची हाडं दिसत होती, इतकी ती वाळली होती. मी हसतोय हे बघून ती हसत होती.

आई, असं माझ्या मनात आलं, आणि छातीत धस्स झालं. खाट रिकामी झाली. वितळली नाही, फिकी झाली नाही. होती आणि नव्हती.

तेव्हा मला खरा हिशोब कळला. ती दिसावी म्हणून मी जितका तळमळणार तितका ताण वाढणार, आणि तितकी ती लांब जाणार. तिचं काही वाटेनासं झालं तरच ती दिसेल. वाटायला लागलं की संपलं. ज्याला आईचं काही पडलेलं नाही अशा मुलालाच आई बघायला मिळणार होती, आणि मघाशी क्षणभर मी तोच होतो. मोरू विचारत होता, काय झालं, काय झालं. मी उठून मागच्या मोरीवर गेलो आणि तोंडावर पाणी मारत राहिलो.

७

गणपती गेले. लोकांनी मूर्ती नेल्या, कारण डोळे मोरूने बसून पुन्हा रंगवले. त्याने मला एका शब्दाने विचारलं नाही, आणि ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

आईने जेवण सोडलं. हे मला अनिताने सांगितलं. सकाळची पेज तशीच, संध्याकाळचा भात तसाच. डॉक्टर म्हणाले, असं चाललं तर फार दिवस नाहीत.

एका दुपारी अनिता ताट घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. भात, वरण, मऊ शिजवलेला वाल. तिचे डोळे सुजलेले होते.

"मी सगळं केलं," ती म्हणाली. "हागणंमुतणं काढलं, तक्रार केली नाही. पण माझ्या हातून त्या घेत नाहीत. मघाशी काय म्हणाल्या सांगू? 'परवीन माझ्याकडं बघत नाय गो. मी कशाला ऱ्हाऊ?' आता तुम्ही भरवा."

"मला दिसत नाही, अनिता."

"माहीत आहे मला. भरवा."

मी खाटेच्या कडेला बसलो. घास कालवला, चमच्यात घेतला आणि उशीच्या वर, तोंड असेल अशा अंदाजाने धरला. शेजारची विमलबाई ताक मागायला आली होती, ती दारातून बघत राहिली. "बघ गो अनिता," ती म्हणाली, "आजकाल पोरं आईला भरवतात काय? नशीब लागतं." माझे कान तापले. मला तिला ओरडून सांगावंसं वाटलं, की बाई, तू जे बघतेस ते मी करत नाहीये.

चमचा रिकामा झाला. मी दुसरा भरला. तोही झाला. अनिता पदराने नाक पुसत होती. विमलबाई ताक घेऊन गेली.

"काय म्हणते ती?" मी विचारलं.

अनिता खाटेकडे वाकली, ऐकून घेतलं. "म्हणतायत, आता पुरे. जा, नीज जरा. सकालपासना दमलास."

दमलास. मला वाटलं होतं शिव्या देईल. माझ्या पाठीवरून काहीतरी उतरलं, आणि त्या एका श्वासापुरती मला आई दिसली.

ती माझ्या अगदी जवळ होती. तिच्या डाव्या हाताने माझं मनगट धरलेलं होतं. इतका वेळ चमचा मी नेतच नव्हतो, तीच आपल्या तोंडाशी नेत होती, आंधळ्याचा हात धरून नेतात तशी. मी भरवतोय असं मला वाटावं म्हणून. आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. नजर खाली होती. पाहुणा म्हणून आलेला आणि जास्त दिवस राहिलेला माणूस ताटावर जसा मान घालून बसतो, तशी. मी आयुष्यभर तिला रागावलेली बघितली, थकलेली बघितली. ओशाळलेली कधी बघितली नव्हती.

माझं मन भरून आलं. भरलं, आणि ती गेली.

चमचा हवेत होता. मनगटावर काहीच लागत नव्हतं. मी ताट खाली ठेवलं, ती असेल अशा अंदाजाने तोंड वळवलं आणि जे बोलायचं होतं ते बोललो. तू मला जड नाहीस, म्हणालो. तू हाक मारायचीस तेव्हा मी चिडायचो, ती माझी चूक, तुझी नाही. तू हाक मार. दिवसभर मार. मान वर कर, आई, मी बघतोय तुझ्याकडे. असं मी तिच्याशी कधीच बोललो नव्हतो.

बोलून झालं. अनिताने ताट उचलून बाजूला ठेवलं. मग तिने माझा खांदा धरून मला हळूच वळवलं.

"इकडे बोला," ती म्हणाली. "तिकडे नुसती भिंत आहे."